लागोपाठ लागलेला आकडा

खामगावची कापूस बाजारपेठ एके काळी एवढी मोठी होती, की केवळ तिच्यासाठी 1870 साली जलंबहून रेल्वेचा वेगळा फाटा टाकण्यात आला. आपल्या बुलढाणा जिल्ह्याला कापसाच्या भावातली चढउतार नवी नाही. पण याच भावातून मुंबईत एक जुगार जन्माला आला आणि 'वरली मटका' या नावाने गावोगावच्या पानटपरीपर्यंत पोहोचला, हे सहसा कुणाच्या ध्यानात नसते.

न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव मुंबईत तारयंत्राने येत. त्यांतल्या आकड्यांवर लोक पैसे लावीत. मटक्यातले 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथलेच. 1961 मध्ये ते भाव येणे थांबले. मग 1962 मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि 1964 मध्ये रतन खत्री यांनी आपापला मटका सुरू केला. चिठ्ठ्या मडक्यात टाकून काढत, म्हणून मटका. पुढे पत्ते आले. कापूस गेला, आकडा तेवढा राहिला.

मटक्याच्या प्रत्येक गावात एक गोष्ट हमखास ऐकू येते : अमक्याला लागोपाठ तीन दिवस आकडा लागला. ही गोष्ट खोटी असेलच असे नाही. उलट ती घडायलाच हवी. शून्य ते नऊ असे दहा आकडे. एक लागण्याची शक्यता दहात एक. तीन दिवस लागोपाठ लागण्याची हजारात एक. तालुक्यात दहा हजार माणसे खेळत असतील, तर त्यांतल्या दहाजणांना हा योग येणारच. त्या दहांची नावे सर्वतोमुखी होतात. उरलेले नऊ हजार नऊशे नव्वद घरी गप्प बसतात.

आता पैशाचे बघू. आकडा लागला की एका रुपयाचे नऊ मिळतात. हजारजणांनी एकेक रुपया लावला आणि जिंकणाऱ्याने दर वेळी सगळे पैसे पुन्हा लावले, तर तिसऱ्या दिवशी सरासरीने एकजण उरेल आणि त्याच्या हाती 729 रुपये असतील. हजारातले 271 बुकीच्या खिशात गेले. म्हणजे रांग जेवढी लांबते, तेवढा बुकीचा वाटा वाढतो.

परदेशातही हेच. मोंटे कार्लोच्या कॅसिनोत 18 ऑगस्ट 1913 रोजी रूलेटच्या चाकावर लागोपाठ 26 वेळा काळा रंग आल्याचे सांगतात. चाकावर 37 घरे. 18 काळी, 18 लाल, एक शून्याचे. 26 वेळा काळा येण्याची शक्यता सुमारे 13 कोटी 68 लाखांत एक. 'आता लाल येणारच' म्हणून लोक लालवर पैसे ओतत गेले आणि बुडाले. चाकाला आधीचे काही आठवत नसते. सत्ताविसाव्या वेळीही काळ्याची शक्यता 37 पैकी 18 एवढीच होती.

हा विचार आपल्या विदर्भाला परका नाही. महाभारतात द्यूतात राज्य गमावलेला नळ, बाहुक नावाने सारथी होऊन, ऋतुपर्ण राजाचा रथ विदर्भाकडे हाकतो. वाटेत राजा बेहड्याच्या झाडाकडे नुसते पाहून फळांची संख्या सांगतो. नळ रथ थांबवतो, फळे मोजतो. संख्या बरोबर निघते. तेव्हा राजा त्याला गणिताची आणि फाशांची विद्या देतो. जुन्या काळी बेहड्याची फळेच फासे म्हणून वापरीत. फासा आणि मोजदाद यांचे नाते आपल्याकडे इतके जुने आहे.

कुरआनात जुगाराला 'मैसिर' म्हटले आहे. सहज, सोपे या अर्थाच्या धातूशी त्या शब्दाचे नाते सांगतात. सोप्या पैशाची ओढ शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. कापसाचा पैसा किती अवघड असतो, हे तो जाणतो. म्हणून आकडा लावणाऱ्याला उपदेश करण्यापेक्षा एवढेच सुचवावे : महिनाभर एक वही ठेवा. डावीकडे लावलेले पैसे लिहा, उजवीकडे आलेले. नळाने फळे मोजली, तशी महिनाअखेरीस बेरीज करा.