एका वाकड्या नळीचा इतिहास

राजांच्या लढाया आणि तह यांनीं इतिहासाचे ग्रंथ भरलेले असतात. परंतु मनुष्याच्या बुद्धीचा इतिहास कित्येकदां क्षुद्र घरगुती उपकरणेंच अधिक स्पष्टपणें सांगतात. घरीं आंबविलेली बिअर एका भांड्यांतून दुसऱ्यांत काढून घेण्याचें साधन हें त्यांपैकींच एक होय. मद्याचा पुरस्कार करण्याचा आमचा हेतु नाहीं; आमचें कुतूहल केवळ साधनाविषयीं आहे.

मोड आणून वाळविलेल्या जवाचा काढा आंबला म्हणजे किण्वाचा गाळ तळाशीं बसतो आणि वर निवळ द्रव राहतो. भांडें कलतें केलें कीं गाळ उसळतो. तेव्हां न ढवळतां द्रव काढावा कसा, हा मूळ प्रश्न. प्राचीन सुमेरी लोकांनीं भांडें बदलण्याऐवजीं लांब नळ्यांनींच बिअर पिण्याचा मार्ग पत्करला. ऊर येथील राणी पुआबीच्या थडग्यांत सोन्याची तशी नळी सांपडली आहे. ईजिप्तमधील सुमारें ३५०० वर्षांपूर्वींच्या चित्रांत मात्र रांजणांतून वाकड्या नळीनें द्रव काढणारीं माणसें दिसतात.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या हीरोनें या नळीचें शास्त्रीय वर्णन केलें. आपल्याकडील वसुदेव-पेल्याचें रहस्यही तेंच: पाणी बालकृष्णाच्या पायांस लागलें कीं आंतील छपलेली नळी पेला रिता करते. बाहेरची भुजा लांब असल्यामुळें तींतील जड द्रव खालीं जातो व मागील द्रवास ओढून घेतो. निसर्गास पोकळी रुचत नाहीं, एवढेंच उत्तर युरोपांतील पंडित शतकानुशतकें देत आले. १६४३ सालीं टॉरिचेल्लीच्या प्रयोगानें आणि पुढें पास्कालच्या विवेचनानें हवेच्या दाबाचें कार्य उघड झालें. नळी मात्र कारण कळण्यापूर्वीं तीन हजार वर्षें आपलें काम बिनतक्रार करीत होती!

पाश्चरचा बिअरवरील ग्रंथ १८७६ सालीं प्रसिद्ध झाला आणि प्रश्नाचें रूपच पालटलें. बिअर नासविणारे सूक्ष्म जंतु बाहेरून शिरतात, हें त्यानें दाखविलें. नळी तोंडानें ओढून सुरू करण्याची जुनी रीत त्यामुळें दोषास्पद ठरली. पुढें ब्रिटनमध्यें घरगुती बिअरीवरील परवाना १९६३ सालीं रद्द झाला. अमेरिकेंत १९७८ च्या कायद्यानें स्वतःपुरती केलेली बिअर केंद्रीय करांतून सुटली. साधनाची निवड पुन्हां सामान्य गृहस्थाकडे आली.

आज त्याच्यापुढें चार मार्ग आहेत. तोटीचें भांडें सोयीचें, पण तोटीच्या फटींत जंतु दडतात. साधी नळी स्वस्त व धुण्यास सोपी. ती निर्जंतुक पाण्यानें भरून सुरू करावी. दट्ट्याची नळी एक-दोन झटक्यांत वाहूं लागते, पण तिचें रबर झिजलें कीं हवा शिरते. कार्बन डायऑक्साइडच्या दाबानें बिअर ढकलल्यास प्राणवायु दूर राहतो, आणि शिळ्या पुठ्ठ्यासारखी चव टळते. परंतु ही रीत खर्चाची आहे, व दाब सोसणाऱ्या भांड्यांतच ती योजावी, कारण कांचेची बरणी फुटण्याचें भय असतें.

आमच्या मतें सामान्य घरास साधी नळीच पुरेशी आहे, मात्र ती निर्मळ असावी आणि तिचें टोंक खालच्या भांड्याच्या तळाशीं टेकलेलें असावें, म्हणजे द्रव फेसाळत नाहीं. सुमेरी लोकांस चोथा नको होता, पाश्चरास जंतु नको होते, आजच्या गृहस्थास प्राणवायुही नको आहे. काय न्यावयाचें हें प्रथमपासून ठाऊकच होतें. काय मागें ठेवावयाचें हें कळावयास मात्र मनुष्यास हजारों वर्षें लागलीं.