‘ते लोक तसलेच’ : १८७१ च्या एका कायद्याची गोष्ट

"गावात अनोळखी माणसं फिरताहेत, लहान मुलांना सांभाळा." असा मेसेज दर काही महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येतोच. फोटो कुठला, कधीचा, काही पत्ता नसतो. खाली दोघं-तिघं हात जोडतात आणि मग एखादा लिहितो, "पालं टाकून राहतात ना, ते लोक तसलेच असतात." आज या शेवटच्या वाक्याबद्दल लिहायचंय. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवडे बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. सोलापूरकडची माणसं, भिक्षा मागत गावोगाव फिरणारी. मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने त्यांना धरलं आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही जण गेले. मुलं पळवल्याचं काहीच नव्हतं. अनोळखी, फिरते, गरीब दिसणारे, एवढंच होतं.

आता कुणी म्हणेल, सरसकट बोलूच नये. ते काही जमत नाही राव. बैलबाजारात जाणता शेतकरी बैलाचं तोंड उघडून दात बघतो आणि वय सांगतो. तो अंदाज त्याने आयुष्यभर पाहिलेल्या शेकडो बैलांवरून आलेला असतो. पावसाळ्यात डबकी साचली की ताप वाढणार, हे डॉक्टरही असंच ओळखतो. अशा आडाख्यांशिवाय माणूस एक दिवस काढू शकणार नाही. पण तोच शेतकरी दात बघून लगेच पैसे काढत नाही. बैल चालवून बघतो, खांदा चाचपतो. डॉक्टरही रक्त तपासायला पाठवतो. म्हणजे आडाखा आधी आणि समोरच्याची तपासणी नंतर. दुसरी पायरी गाळली की काय होतं, ते आपल्या इतिहासात लिहिलेलं आहे.

इंग्रज सरकारने १८३० च्या दशकात ठगांविरुद्ध मोहीम उघडली, स्लीमन हा त्यातला मुख्य अधिकारी. १८३६ च्या कायद्याने अमुक एक खून केलाय हे सिद्ध करायची गरज उरली नाही. ठगांच्या टोळीतला आहे एवढं ठरलं की जन्मठेप. तरीही माणूस टोळीत होता हे दाखवावं लागे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तेही काढून टाकलं. अख्खी जमात सरकारी अधिसूचनेत आली की तिच्यातला माणूस गुन्हेगारांच्या नोंदवहीत जाऊ शकत होता. तेव्हा केला गेलेला युक्तिवाद बघा : हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर, तसा चोरी हाही काही जातींचा पिढीजात धंदा असणार. पहिला अर्धा भाग बऱ्याच अंशी खरा होता. त्याच्या पाठीवर बसून दुसरा अर्धा भाग कायद्यात शिरला.

याच युक्तिवादात एक साधी हिशेबाची चूक आहे, आणि ती आपण आजही रोज करतो. समजा एखाद्या तालुक्यात चोरीचे १० आरोपी पकडले आणि त्यातले ४ एकाच जमातीचे निघाले. लगेच चहाच्या टपरीवर निकाल लागतो की चोर म्हणजे तेच. पण त्या जमातीची माणसं तालुक्यात २००० असतील तर उरलेल्या १९९६ जणांचं काय? चोरांपैकी किती जण त्या जमातीचे, हा एक प्रश्न. त्या जमातीपैकी किती जण चोर, हा अगदी वेगळा प्रश्न. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चिकटवलं की २००० माणसं एका झटक्यात संशयित होतात.

कायदा सुरुवातीला उत्तरेत लागू झाला. १९११ च्या नव्या कायद्याने तो मुंबई-मद्रास इलाख्यांपर्यंत पोचला, पुढे १९२४ मध्ये पुन्हा नव्याने आला. आपल्याकडे कोण सापडलं त्यात? महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत रामोशी, बेरड, कैकाडी, भामटा, कंजारभाट, पारधी, बंजारा अशी नावं आहेत. यातले बंजारा बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून देशभर नेत, मोठमोठ्या फौजांना रसद पुरवत. रेल्वे आली आणि धंदा बसला. रामोशी तर गावाचे राखणदार. ज्याच्या भरवशावर गाव रात्री झोपायचं, तोच पुढे सरकारदप्तरी चोर ठरला. उमाजी नाईकांना इंग्रजांनी १८३२ मध्ये फाशी दिली ते याच समाजातले, हेही लक्षात ठेवा. आणि ‘भामटा’ हा शब्द आपण दिवसातून किती वेळा वापरतो? एका जमातीचं नाव आणि आपली शिवी, शब्द एकच.

मला या कायद्यातली सगळ्यात भयंकर गोष्ट वाटते ती हजेरी. नोंदवलेल्या माणसाने ठराविक वेळी पोलिसांपुढे हजेरी लावायची. गाव सोडायचं तर परवाना काढायचा. हजेरी चुकली, परवान्याबाहेर गेला, तर तोच गुन्हा, त्याला कैद किंवा फटके. आता विचार करा. बायको आजारी म्हणून एखादा शेजारच्या गावी गेला, पकडला गेला, शिक्षा झाली. नोंदवहीत काय लागलं? या जमातीचा आणखी एक जण गुन्हेगार. वर्षाअखेर आकडे वाढले की साहेब म्हणणार, बघा, आम्ही सांगत नव्हतो! इतरांना जे केल्यावर काहीच होत नव्हतं, ते केल्यावर यांना तुरुंग. शिक्क्याने स्वतःचा पुरावा स्वतःच तयार केला. वर १८७१ च्या कायद्यात असंही कलम होतं की अधिसूचनेच्या वैधतेवर कुठल्याही कोर्टाने प्रश्न विचारायचा नाही. म्हणजे चूक दुरुस्त व्हायचं दारच बंद.

सोलापूरला गेलात तर ‘सेटलमेंट’ नावाचा भाग ऐकला असेल. तारेच्या कुंपणात या जमातींना वसवलं होतं, तिथून माणसं गिरण्यांत कामाला जात. म्हणजे ‘हे लोक कष्ट करत नाहीत’ म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत ते दिवसभर मागावर उभे राहत होते. तरी मत बदललं नाही. १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण हा कायदा देशभरातून अधिकृतपणे गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला. त्या दिवसापासून हे लोक ‘विमुक्त’.

कागदावर. कारण लगेच राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्याचा १९५९ चा. त्यात जमातीचं नाव नाही, माणसाचा पूर्वेतिहास बघायचा. ऐकायला बरोबर वाटतं. पण ज्याच्या बापाचा, आज्याचा पूर्वेतिहास हजेरीवहीतून तयार झाला, त्याच्याकडे बघण्याची नजर कशी कोरी असेल? लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ १९८७ मध्ये आलं, साहित्य अकादमी मिळाली, अनेकांनी वाचलं. घरफोडी झाली की गाडी पहिल्यांदा पालांकडेच वळते, हे मात्र अजून ऐकू येतं. बातमीतही आरोपी पारधी असला की जात मथळ्यात आणि दुसरा कुणी असला की नुसता ‘एक इसम’. फरक एकदा नीट बघा. तुरुंगांच्या नियमावल्यांतसुद्धा विमुक्तांबद्दलची अशी कलमं उरली होती. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने ३ ऑक्टोबर २०२४ ला ती घटनाबाह्य ठरवली. कायदा गेल्यावर ७२ वर्षांनी!

आता आपल्या तहसील कचेरीत या. विमुक्त-भटक्यांच्या पोराला जातीचा दाखला हवा असेल तर २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा राज्यातल्या वास्तव्याचा पुरावा लागतो. शाळेचा दाखला, जमिनीचा उतारा, काहीतरी. नियम करताना धरून चाललेत की प्रत्येकाच्या आज्याला एक गाव होतं, घर होतं, शाळा होती. ज्यांचा आजा पाल पाठीवर घेऊन फिरत होता, त्यांचं पोर आज झेरॉक्सच्या दुकानाबाहेर उभं राहून विचारतं, "भाऊ, याला अजून काय चालतं?" कचेरीत काम असलेल्यांनी आणि तिथे ओळख असलेल्यांनी जरा या पोरांसोबत जा. गृहचौकशीवरून दाखला देता येतो का, हे साहेबांना समोरासमोर विचारा आणि जे उत्तर मिळेल ते लेखी घ्या.