कंट्रोल-जीची घंटा

टाइपरायटरवर ओळ संपत आली की 'टिंग' व्हायचं. टायपिस्टची नजर शेजारच्या मसुद्यावर असे, स्वतःच्या कागदावर नव्हे, म्हणून समास जवळ आल्याची वर्दी कानाला द्यावी लागे. मग हातातला शब्द पुरा करायचा आणि कॅरेज मागे सारायचं. कचेरीत ओळीने टायपिस्ट बसलेले असले तरी जो तो आपलीच घंटा ऐकायचा, आणि ती त्याला हवी असायची.

कॉम्प्युटरच्या 'बीप'चं कूळ मात्र दुसरीकडे आहे, टेलिप्रिंटरमध्ये. तिथली घंटा पलीकडच्या टोकाला बसलेला माणूस वाजवी. १९४९पासून आपल्या वर्तमानपत्रांत पीटीआयचे टेलिप्रिंटर खडखडू लागले. मोठी बातमी असली की आधी घंटा होई आणि उपसंपादक हातातला चहा ठेवून यंत्राकडे धावे. यंत्र एका कोपऱ्यात, माणूस दुसऱ्या, म्हणून ही सोय. १९६३ साली अक्षरांना आकडे नेमून देणारं आस्की प्रमाण ठरलं, तेव्हा ७ हा आकडा या घंटेसाठी राखून ठेवला गेला. टेलिटाइपच्या मॉडेल ३३ या यंत्रावर 'जी'च्या कळीवर 'बेल' असं छापलेलंच असे. कंट्रोल दाबून जी दाबलं की दूरच्या यंत्रातली धातूची खरीखुरी घंटा वाजायची.

माझ्या मते बीपवरून होणाऱ्या भांडणाचं मूळ इथेच आहे. वाजवणारा एक, ऐकणारे भलतेच.

त्यावरचा इलाजही लवकर निघाला. युनिक्स या कार्यप्रणालीच्या १९७१च्या पहिल्या आवृत्तीत एकाच संगणकावर काम करणाऱ्या दुसऱ्या माणसाच्या टर्मिनलवर, म्हणजे तेव्हाच्या टेलिटाइपवर, थेट निरोप धाडण्याची सोय होती. त्याच आवृत्तीत 'मेस्ग' नावाची आज्ञाही होती. तिच्यापुढे 'एन' लिहिलं की कुणाचा निरोप तुमच्या कागदावर उमटत नसे. पुढे पडद्याची टर्मिनलं आली. १९७८च्या व्हीटी १००मध्ये धातूची घंटा उरली नाही, पण ओळ संपत आल्याची टाइपरायटरी सूचना हवी तर चालू करता येई, वर कळ दाबल्याचा खोटा टिकटिकाटही. हे दोन्ही सेटअपमध्ये जाऊन मिटवता येत. त्याच सुमारास युनिक्सवरच्या मजकूर-संपादनाच्या प्रोग्रामांना आवाजाऐवजी पडदाच क्षणभर उजळवण्याची युक्ती सापडली. १९८४च्या मॅकिंटॉशनेही आवाज शून्यावर नेला की वरची मेन्यूची पट्टी लुकलुकवली.

आयबीएमच्या १९८१च्या पीसीत एवढी अदब नव्हती. टायमरच्या चिपवर टांगलेला एक छोटा स्पीकर, वाजवायचा किंवा थांबवायचा, एवढंच. आवाज कमीजास्त करायला बटण नाहीच. म्हणजे खोलीत अनेक जण असले तर डबा उघडून मदरबोर्डवरून स्पीकरची वायर उपटायची, हा सर्वमान्य तोडगा. पण त्यात एक गोम होती. पडदाच उजळत नसेल, तर बिघाड कुठे आहे हे सांगायला मशीनकडे बीपच उरतो. लॅमिंग्टन रोडवरचा हार्डवेअरवाला ती पीं-पीं ऐकूनच म्हणतो, 'रॅम हललीय', आणि पट्टी काढून तिच्या सोनेरी कडेवर शाळकरी खोडरबर फिरवतो. वायर उपटलेल्या मशीनसमोर मात्र त्यालाही चाचपडावं लागतं.

साउंड कार्ड आली आणि गंमत वाढली. १९९२च्या विंडोज ३.१मध्ये डिंग, चाइम्स, कॉर्ड, टाडा अशा आवाजांच्या फायली होत्या. कुठल्या घटनेला कुठला आवाज, की काहीच नाही, हे कंट्रोल पॅनेलमध्ये ठरवता येई. गंमत घरी ठीक. सोळा टेबलांच्या हॉलमध्ये कुणाची तरी चूक 'डिंग' करून सगळ्यांना कळायची. २००७च्या व्हिस्टाने प्रत्येक प्रोग्रामला आवाजाची वेगळी सरकपट्टी दिली. आता मेलचा गळा दाबून गाणी चालू ठेवता येऊ लागली. विंडोज ७ने जुन्या स्पीकरचा बीप साउंड कार्डाकडे वळवला, आणि ऐंशीच्या दशकापासून हट्टाने वाजणाऱ्या त्या आवाजाला सरकपट्टी मिळाली. हेडफोन लावले की तो एकट्याच्याच कानात.

आपल्याकडच्या ऑफिसांचा खरा वैरी मात्र यातला कुणीच नाही. तो म्हणजे टेबलाखालचा यूपीएस. लोडशेडिंगच्या दिवसांत वीज गेली की हॉलभरचे यूपीएस एकाच वेळी, पण एका तालात नव्हे, ओरडू लागत. काहींवर आवाज बंद करायचं बटण असतं. ते पाठीमागे, भिंतीच्या बाजूला असलं तर सापडेपर्यंत वीज परत आलेली असते.

७ हा आकडा अजून नोकरीत आहे. आजही लिनक्सच्या काळ्या खिडकीत अर्धं नाव लिहून टॅब दाबला आणि पुढे काही जुळलं नाही, तर शेल तोच आकडा पाठवतं आणि लॅपटॉप 'टुक' करतो. तो गप्प करायला एका छोट्या फाइलमध्ये 'सेट बेल-स्टाइल नन' अशी ओळ घालतात. न सांगता तो वाजतोच, म्हणून नवं मशीन मिळालं की ती ओळ पुन्हा लिहावी लागते.