पीलू-कुल

(साल्व्हाडोरेसी). खारट जमीन सोसणाऱ्या सदाहरित झुडपांचे व लहान वृक्षांचे छोटे कुल. जॉन लिंडली यांनी १८३६ मध्ये ते स्थापन केले. साल्व्हाडोरा, अझिमा व डोबेरा या तीन प्रजाती आणि सुमारे बारा जाती. प्रसार आफ्रिका, मादागास्कर, अरबस्तान ते आग्नेय आशिया. महाराष्ट्रात खाकण किंवा पीलू (साल्व्हाडोरा पर्सिका) खाड्यांच्या काठी, तिवरांच्या जमिनीकडील बाजूला वाढते.

पाने संमुख, साधी, अखंड कडांची, उपपर्णे अतिसूक्ष्म. फुले लहान व चतुर्भागी. पीलूत ती हिरवट पिवळी, परिमंजरीत येतात. पाकळ्या तळाशी जुळलेल्या, केसरदले चार, किंजपुट ऊर्ध्वस्थ व त्यात एकच बीजक. फळ अश्मगर्भी, एकबीजी. अझिमात मात्र पाकळ्या सुट्या, नर व मादी फुले वेगळ्या झाडांवर आणि पानांच्या बगलेत काटे. पीलूच्या खोडात प्रकाष्ठाच्या आतही परिकाष्ठाचे पुंजके आढळतात. लाकूड ओळखताना ही खूण फार उपयोगी पडते.

पान चुरगळले की मोहरीसारखा झणझणीत वास येतो. तो ग्लुकोसिनोलेट गटातील द्रव्यांमुळे. याच नात्याने हे कुल आज मोहरीच्या गणात (ब्रॅसिकेलीझ) मोडते.

तिवर पानांवरील ग्रंथींतून मीठ बाहेर टाकते. पीलूची रीत निराळी: शोषलेले सोडियम मांसल पानांतील पेशींच्या रिक्तिकांत साठवले जाते, त्यामुळे पेशीतील नाजूक क्रिया त्यापासून सुरक्षित राहतात. म्हणूनच पीलू समुद्राला बांधलेले नाही. राजस्थान व कच्छच्या कोरड्या मुलखातही ते वाढते.

राजस्थानप्रमाणे यवतमाळ जिल्ह्यालाही समुद्र नाही आणि दातवणासाठी तेथे कडुनिंब-बाभळीच्या काड्या ओळखीच्या, मिसवाकच्या, म्हणजे पीलूच्या, नव्हेत. तरी काळ्या मातीच्या या मुलखाने पीलूकडे लक्ष द्यायला हवे. गुजरातेतील खारवट काळ्या जमिनींत पीलू लागवडीचे प्रयोग केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेच्या भरूच केंद्राने केले. बियांतील लॉरिक व मिरिस्टिक आम्लांनी समृद्ध तेल साबणासाठी वापरता येते, त्यामुळे पडीक जमिनीतूनही उत्पन्नाची आशा असते. यवतमाळच्या शेजारच्या अमरावतीपासून अकोला-बुलढाण्यापर्यंत पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. मात्र तेथे मातीतील जादा सोडियम आणि निचऱ्याचा अभाव ही मुख्य अडचण असल्याने गुजरातेतील पद्धत जशीच्या तशी न उचलता आधी लहान क्षेत्रावर रोपे लावून पाहणे योग्य.