बेंगळूरचे बारा नारळ आणि पिशवीतले ग्रंथालय

मराठी माणूस महाराष्ट्राबाहेर स्थायिक झाला की त्याची भाषा घरात टिकते, पण वाचन सुटते. हा दोष बहुधा आवडीचा नसून पुरवठ्याचा असतो. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ अन्वये गावोगावी ग्रंथालये उभी राहिली, पण ते जाळे राज्याच्या सीमेपाशी थांबते. मी राहतो ते आनेकल बेंगळूरच्या दक्षिणेला, तमिळनाडूच्या सीमेलगतचे तालुक्याचे गाव. इथे मराठी पुस्तक मागवावे लागते किंवा सुट्टीवरून येताना सामानात आणावे लागते. गेली काही वर्षे ही उणीव मी ई-रीडरने भरून काढतो आहे. कार्यालयीन वाचन आणि आवडीचे वाचन, दोन्ही रोज त्यावरच होते. या सवयीमुळे एक जुना प्रश्न नव्याने समोर आला : घरापासून दूर असलेल्या वाचकापर्यंत मराठी अक्षर आजवर कसे पोचत आले?

याची सुरुवात आमच्या परिसरातूनच करता येते. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बेंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या पदरी जयराम पिंड्ये नावाचा कवी होता. राजांच्या भेटीला आला तेव्हा त्याने बारा नारळ पुढे ठेवले. आपण बारा भाषांत कविता करतो, हे सुचविण्याची ही त्याची रीत. त्याच्या ‘राधामाधवविलासचंपू’ या ग्रंथात त्या बहुभाषिक दरबाराचे चित्र सापडते. हा ग्रंथ हस्तलिखितातच राहिला होता. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी तो १९२२ मध्ये दीर्घ प्रस्तावनेसह छापला. म्हणजे बेंगळूरच्या दरबारातली रचना छापील रूपात वाचकाला मिळेपर्यंत सुमारे पावणेतीनशे वर्षे गेली.

शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी म्हणजेच एकोजी येथून पुढे तंजावरला गेले आणि तेथे भोसल्यांचे राज्य स्थापन झाले. त्याच घराण्यातील दुसरे सरफोजी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तंजावरात देवनागरी छापखाना घातला. इसापनीतीचा मराठी अनुवाद ‘बालबोध मुक्तावली’ तेथे छापला गेला. त्याच सुमारास, १८०५ मध्ये, बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरे याचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले. मराठी मुद्रणाचे हे आरंभीचे दोन्ही प्रयत्न महाराष्ट्राबाहेर झाले, ही गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. महाराष्ट्रात दफ्तर मोडीत लिहिले जाई आणि पुस्तके मुख्यतः बाळबोधीत छापली जात. परिणामी आज सुशिक्षित मराठी माणसालाही स्वतःच्या पणजोबांचे कागद वाचता येत नाहीत. लिपी बदलली की जुना मजकूर नष्ट होत नाही, पण वाचकाला मुकतो.

संगणकयुगात हीच गोष्ट दुसऱ्या रूपाने घडली. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही संकेतप्रणाली १९८८ मध्ये आली आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानक झाली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यात देवनागरीचा समावेश होता. तरीही पुढची अनेक वर्षे कार्यालये, प्रकाशक आणि वृत्तपत्रे ज्याच्या-त्याच्या फाँटमध्ये काम करीत राहिली. एका फाँटचा ‘क’ दुसऱ्यात भलतेच चिन्ह होई. मराठीला हवा असलेला ‘ॲ’ युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ मध्ये दाखल झाला. महाराष्ट्र शासनाने प्रमाणित लिपी व वर्णमालेचा शासन निर्णय ६ नोव्हेंबर २००९ रोजी काढला. मधल्या काळात टंकलिखित झालेला कितीतरी मजकूर म्हणजे आपल्या पिढीची मोडी आहे, असे मला वाटते.

आता यंत्राकडे वळू. ई-रीडरचा पडदा दिव्यासारखा प्रकाश डोळ्यांत सोडत नाही. सूक्ष्म कुप्यांतले काळे-पांढरे कण विद्युतभाराने वर-खाली होतात आणि कागदाप्रमाणे बाहेरचा प्रकाश परावर्तित करतात. वीज मुख्यतः पान उलटताना लागते. सोनीचे अशा पडद्याचे वाचनयंत्र २००४ मध्ये जपानात आले, ॲमेझॉनचे किंडल २००७ मध्ये अमेरिकेत. किंडलच्या दुकानात मराठी पुस्तकांचा अधिकृत विभाग सुरू झाला तो डिसेंबर २०१६ मध्ये.

या यंत्राचा खरा गुण अक्षर लहान-मोठे करण्यात आहे. पन्नाशीनंतरच्या डोळ्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. मात्र त्यासाठी मजकूर युनिकोडमध्ये असावा लागतो. पानाचे छायाचित्र असेल तर अक्षर मोठे होत नाही, पानच पडद्याबाहेर जाते. आमच्या बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने या शतकाच्या आरंभी ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ हा प्रकल्प झाला आणि जुनी मराठी पुस्तके मोठ्या संख्येने स्कॅन झाली. पुढे लाखो पुस्तकांच्या प्रती इंटरनेट अर्काइव्हवर गेल्या. हे उपकार मोठे आहेत. पण ती पाने चित्रेच आहेत. राजवाड्यांची चंपूची प्रस्तावना मी सहा इंची पडद्यावर अशाच प्रतीतून वाचली. जोडाक्षरे पुसट होती, शोध घेता येत नव्हता, आणि एका पानासाठी पडदा चार वेळा सरकवावा लागत होता.

कार्यालयीन वाचनाचा अनुभव संमिश्र आहे. भारताचे राजपत्र १ ऑक्टोबर २०१५ पासून छापणे बंद होऊन केवळ इलेक्ट्रॉनिक रूपात निघते. १ फेब्रुवारी २०२१ चा केंद्रीय अर्थसंकल्प कागदाविना सादर झाला. त्यामुळे पडद्यावर वाचणे ही आता हौस राहिलेली नाही. सलग विवेचन, उदाहरणार्थ आयोगांचे अहवाल, ई-रीडरवर उत्तम वाचून होतात. आर्थिक पाहणीतील रुंद तक्ते मात्र त्यावर वाचू नयेत, त्यांना संगणकच हवा. आणखी एक पथ्य मी पाळतो : जे प्रसिद्ध झाले आहे तेवढेच खाजगी यंत्रावर घ्यावे. खाजगी कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेल्या यंत्रावर शासकीय नस्ती ठेवणे योग्य नव्हे.

मालकीचा प्रश्नही आहे. २००९ मध्ये ॲमेझॉनने ऑर्वेलच्या ‘१९८४’ या पुस्तकाच्या काही विकलेल्या प्रती वाचकांच्या यंत्रांतून दूरवरून काढून घेतल्या, कारण विक्रेत्याकडे हक्क नव्हते. पैसे परत दिले गेले, पण दुकानदार घरात येऊन कपाटातले पुस्तक नेऊ शकतो हे जगाला कळले. फेब्रुवारी २०२५ पासून विकत घेतलेले किंडल-पुस्तक संगणकावर उतरवून तारेने यंत्रात नेण्याची सोयही त्या कंपनीने बंद केली. वाचक विकत घेतो तो परवाना, ग्रंथ नव्हे.

म्हणून सार्वजनिक साहित्याची जबाबदारी बाजारावर सोडता येत नाही. एकदा तयार झालेला युनिकोड मजकूर दुसऱ्या वाचकाला देण्याचा खर्च जवळजवळ शून्य असतो. अर्थशास्त्रात सार्वजनिक वस्तूचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागेल. माझ्या मते तीन गोष्टी आवश्यक आहेत.

१) शासकीय खर्चाने निघालेला प्रत्येक मराठी ग्रंथ मुक्त ई-पुस्तक स्वरूपात, युनिकोडमध्ये मिळावा.

२) भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी प्रताधिकार संपतो. राजवाडे १९२६ मध्ये वारले, केतकर १९३७ मध्ये. अशा ग्रंथांच्या चित्रांचे मजकुरात रूपांतर करून ते तपासण्याचे काम विद्यापीठांनी हाती घ्यावे.

३) त्या तपासणीत बाहेरगावच्या मराठी मंडळींनी वाटा उचलावा. रोज दोन पाने तपासली तर वर्षात सातशे पानांचा ग्रंथ सिद्ध होतो. आनेकल असो की ॲबर्डीन, या कामाला गाव आड येत नाही.

मराठीचे मुद्रण एकदा तंजावर आणि श्रीरामपुरात सुरू झाले होते. हे कामही बाहेरून सुरू व्हायला हरकत नसावी.