परसबागेतील करंट व गूजबेरीवरील कीडनियंत्रण : एकोणिसाव्या शतकातील उत्तर अमेरिकेचा अनुभव

प्रस्तावना :
कृषी-इतिहासाचे लेखन प्रामुख्याने धान्य व नगदी पिकांभोवती फिरते. परसबागेकडे त्याचे लक्ष क्वचितच जाते. करंट व गूजबेरी ही 'राइबीस' प्रजातीतील, थंड हवामानातील फळझुडपे होत. आपल्याकडील आवळा किंवा 'केप गूजबेरी' म्हणून विकली जाणारी रसभरी यांच्याशी त्यांचे वनस्पतिशास्त्रीय नाते नाही. या झुडपांवरील किडीच्या नियंत्रणाचा इतिहास प्रस्तुत लेखात पाहावयाचा आहे.

किडीचे आगमन :
'निमॅटस राइबीसाय' ही करवत माशी मूळची युरोपातील. १८५७ च्या सुमारास ती न्यूयॉर्क राज्यातील रोचेस्टर परिसरात आढळली. हे शहर त्या काळी रोपवाटिकांचे मोठे केंद्र होते. त्यामुळे रोपांच्या व्यापारानेच किडीला वाट करून दिली असावी. मादी पानांच्या खालच्या बाजूस शिरांलगत ओळीने अंडी घालते. अळ्या झुडपाच्या आतील भागापासून पाने खाऊ लागतात. साहजिकच नुकसान दृष्टीस पडेपर्यंत झुडूप निष्पर्ण होऊ लागलेले असते.

उपाययोजना :
पांढऱ्या हेलेबोरच्या मुळांची भुकटी हा त्या काळचा प्रमुख उपाय होता. ती कोरडी अथवा पाण्यात मिसळून पानांवर टाकली जाई. हे विष माणसालाही घातक; परंतु उघड्या हवेत ते लवकर निष्प्रभ होते. १८६० नंतर बटाट्यावरील कोलोरॅडो भुंग्यासाठी 'पॅरिस ग्रीन' हे तांबे व आर्सेनिकयुक्त द्रव्य प्रचारात आले. त्याचा अंश मात्र टिकून राही. बटाटा जमिनीखाली वाढतो. करंटचे फळ फवारणीच्या थेट माऱ्यात असते आणि तेथून घरच्या स्वयंपाकघरात येते. म्हणूनच फळे धरल्यानंतर हेलेबोरला पसंती मिळत राहिली.

तिसरा मार्ग जैविक नियंत्रणाचा होता. १८८२ मध्ये या माशीच्या अंड्यांवर जगणारे 'ट्रायकोग्रामा' हे परोपजीवी कीटक अमेरिकेतून कॅनडात पाठविण्यात आले. अशा आंतरराष्ट्रीय प्रयोगांतील हा एक आरंभीचा प्रयोग होय.

निष्कर्ष :
विसाव्या शतकात लेड आर्सेनेट व पुढे डीडीटी यांचा प्रसार झाला. दीर्घकाळ टिकणे हा त्यांचा गुण मानला गेला. पुढे तोच दोष ठरला. अमेरिकेने १९७२ मध्ये डीडीटीच्या बहुतेक वापरावर बंदी घातली. परसबागेत उत्पादक व उपभोक्ता एकच असल्याने विषाच्या अंशाचा प्रश्न तेथे आरंभापासूनच घरातला होता. व्यापारी शेतीत या दोघांमध्ये अंतर पडले आणि त्या प्रश्नाची जाणीव उशिरा झाली, हे या छोट्या इतिहासाचे महत्त्व होय.