चुना, सिमेंट आणि भंडारदऱ्याची भिंत

आजच्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्याच्या पश्चिम टोकास, अकोले तालुक्यांत, प्रवरा नदीवर भंडारदऱ्याचें धरण आहे. त्याच्या कामास १९१० सालीं आरंभ झाला. डिसेंबर १९२६ मध्यें मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें आणि धरणास त्यांचेंच नांव मिळालें. सुमारें २७० फूट उंचीची ही भिंत त्या काळीं हिंदुस्थानांतील अत्यंत उंच धरणांत गणली जाई. तिच्या उंचीचें कौतुक पुष्कळांनीं केलें आहे. परंतु दगडाला दगड धरून ठेवणाऱ्या मालाचा वृत्तांतहि तितकाच बोधप्रद आहे.

त्या मुलखाला हा माल नवा नव्हता. अहमद निजामशहानें १४९० मध्यें वसविलेल्या नगरांत फराहबागेसारख्या इमारती चुन्यावरच उभ्या राहिल्या. चुनखडी भट्टींत भाजली कीं कळीचा चुना होतो. तो पाण्यानें विरवून वाळूसह घाणींत मळावयाचा. बैलांनीं ओढलेलें दगडी चाक गोल चरांतून फिरत राही. असा चुना हवेंतील कर्बवायु शोषून सावकाश कठीण होतो. जाड भिंतीच्या पोटांत मात्र हवा पोंचत नाहीं. म्हणून जाणते कारागीर त्यांत भाजलेल्या विटांची पूड, म्हणजे सुर्खी, मिसळीत. तिच्या योगानें माल पाण्याखालींहि घट्ट होई.

पोर्टलंड सिमेंटचें पेटंट जोसेफ ॲस्पडिन यानें इंग्लंडांत १८२४ मध्यें घेतलें; परंतु पोरबंदरचा सिमेंटचा कारखाना चालूं झाला तो १९१४ मध्यें. भंडारदऱ्याचें काम त्याच्या आधींच हातीं घेतलेलें असल्यामुळें तेथील भिंत दगड व चुना यांच्या जुन्या विद्येनेंच चढली. दगड आधीं भिजवावा, नाहीं तर तो मालांतील पाणी पिऊन टाकतो; वाळूंत माती नसावी; दोन दगडांमध्यें पोकळी राहूं नये; आणि बांधलेला थर ओला ठेवावा, हे या विद्येचे नियम होत.

पुढें चुन्याच्या जागीं सिमेंट आलें आणि दगडाच्या जागीं खडी. पण नियम बदलले नाहींत. काँक्रीटला पाणी सिमेंटच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास पुरतें. ओतणें सोपें जावें म्हणून अधिक पाणी घातलें, तर तें उडून गेल्यावर सूक्ष्म छिद्रें मागें राहतात आणि बळ घटतें. माल उंचावरून टाकला कीं खडी एकीकडे व राड दुसरीकडे होते. तो थराथरानें घालून नीट ठोकला नाहीं, तर फळ्या काढल्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जागा दिसते. तीवर नुसता गिलावा फासणें म्हणजे रोग झांकणें होय. सुटी खडी खरवडून, जागा भिजवून, घट्ट मालानें ती भरली पाहिजे. खालचा थर आंवळण्यापूर्वीं वरचा पडावा. न पडला तर तेथें सांधा राहतो आणि पाणी नेमकी तीच वाट शोधतें.

पृष्ठभाग गुळगुळीत करण्याची घाईहि अशीच नडते. वर आलेलें पाणी निघून जाण्यापूर्वीं थापी फिरविली, किंवा तें शोषण्यासाठीं कोरडें सिमेंट भुरभुरलें, तर पुढें पापुद्रे सुटतात. दख्खनच्या उन्हांत आणि वाऱ्यांत ताजें काँक्रीट वरून झपाट्यानें सुकतें व केसासारख्या रेघा पडतात. माल ओला आहे तोंवर थापीनें त्या मिटतात, नंतर मिटत नाहींत. म्हणून ओलें गोणपाट पसरावें, किंवा मातीचे वाफे करून निदान सात दिवस पाणी धरावें.

भंडारदऱ्याची भिंत १९६९ मध्यें संकटांत आली. तडे दिसले आणि गळती वाढली. खालीं अकोलें, संगमनेर, राहुरी यांसारखीं गांवें आणि प्रवरेच्या कालव्यांवरचा ऊंस असल्यामुळें काळजी सर्वांनाच लागली. चूक गवंड्याच्या हातापेक्षां गणितांत अधिक होती. शतकाच्या आरंभीं धरणाचा विचार करतांना पाण्याचा आडवा रेटा मोजला जाई. पण भिंतीच्या छिद्रांत व पायाखालीं शिरलेलें पाणी तिला वर उचलूं पाहतें, हा जोर हिशेबांत धरला जात नसे. शिवाय झिरपणारें पाणी चुना विरघळवून नेतें. जुन्या भिंतींवरचे पांढरे ओघळ त्याचीच खूण असते.

पुढें आधारभिंती आणि ताणलेल्या पोलादी तारा यांच्या साह्यानें धरण बळकट करण्यांत आलें. अशा कामांत जुन्यानव्याचा सांधा फार नाजूक असतो. नवें काँक्रीट घट्ट होतांना तापतें, मग निवून आकसतें. जुनी भिंत मात्र जागची हालत नाहीं. म्हणून जुना पृष्ठभाग टांचून खडबडीत करावा लागतो, धुवावा लागतो आणि भिजवावा लागतो. चुन्याच्या काळीं गवंडी दगड भिजवीत असे, त्याचेंच हें पुढचें रूप. हिशेबाची उणीव नव्या गणितानें भरून निघाली. पण ती भिंतींत उतरविण्यास तीच जुनी शिस्त लागली.